जपानी गाडीत ऑकलंडचा आवाज

ऑकलंडमध्ये आम्ही जुनी टोयोटा विश घेतली, तेव्हा तिच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पोस्टकार्डाएवढा एक कागद सापडला. आधीच्या मालकाने पेन्सिलीने दोन रकाने आखले होते. डावीकडे रेडिओ केंद्रांचे खरे आकडे, उजवीकडे गाडीच्या डेकवर लावायचे आकडे. ९२.६ समोर ८०.६. १०१.४ समोर ८९.४. सगळ्यात खाली १०६.२ लिहिले होते आणि त्याच्या समोर नुसती आडवी रेघ होती.

९२.६ आणि १०१.४ ही रेडिओ न्यूझीलंडची केंद्रे. १०६.२ म्हणजे हम एफएम, इथल्या भारतीयांचे केंद्र. म्हणजे आमच्या घरात सगळ्यांना जे ऐकायचे होते, नेमके तेच त्या गाडीत लागत नव्हते.

परदेशातून आलेल्या गाडीत स्टिरिओ, स्पीकर, पडदा, कॅमेरा बसवायचा म्हटला की लोक पहिल्यांदा दुकानातल्या डब्याकडे बघतात. किती इंची, किती वॅट, किती डॉलर. गेली काही वर्षे स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांचे डॅशबोर्ड उघडून, बिघडवून आणि दुरुस्त करून माझे मत पक्के झाले आहे. पैसे डब्यावर जातात, पण काम टिकते की नाही हे त्याच्या मागची जोडणी ठरवते. चांगली जोडणी कोणती, तर मूळ वायर न कापता केलेली. उद्या सगळे काढून गाडी पहिल्यासारखी करता येईल अशी. या एका कसोटीवर सगळा विषय तपासून बघू.

गाडी आली, रेडिओ तिकडेच राहिला

१९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने आयातीची दारे सैल केली आणि जपानमधून वापरलेल्या गाड्यांची रीघ लागली. दोन्ही देशांत गाडी डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे असते, आणि जपानी माणूस गाडी जपून वापरून लवकर विकतो. केनिया, टांझानियासारख्या देशांतही हाच माल जातो. इथे येणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांची पहिली गाडी अशीच असते: विश, फिल्डर, डेमिओ, फिट, प्रियस. इंजिन, ब्रेक, गिअर यांना देश नसतो. गाडीचा जपानीपणा उरतो तो डॅशबोर्डच्या मधल्या चौकटीत.

सगळ्यात मोठी अडचण एफएमची. जगात बहुतेक ठिकाणी एफएम ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालते. जपानने मात्र ७६ ते ९० हा पट्टा निवडला, कारण ९० ते १०८ ही जागा तिथे टीव्हीच्या पहिल्या तीन वाहिन्यांना दिलेली होती. २०११ मध्ये जपानमधला अ‍ॅनालॉग टीव्ही बंद झाला आणि पुढे रेडिओची हद्द ९५ पर्यंत वाढली. त्यामुळे अलीकडच्या जपानी डेकवर ९५ पर्यंतची केंद्रे थेट लागतात. त्याआधीच्या गाडीत मात्र ९० च्या पुढे काटाच सरकत नाही.

यावरचा सर्वांत स्वस्त तोडगा म्हणजे बँड एक्स्पांडर. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. अँटेनाची वायर डेकमधून काढायची, डबीत घालायची आणि डबीची वायर डेकमध्ये. नावात ‘एक्स्पांडर’ असले तरी ती पट्टा रुंद करत नाही, खाली सरकवते. आत एक ठरावीक कंप्रता तयार होते आणि येणाऱ्या प्रत्येक केंद्रातून तेवढी वजा होते. बाजारात १२, १५, १८, २० मेगाहर्ट्झ सरकवणाऱ्या डब्या मिळतात. आमच्या कागदावरचे गणित १२ चे होते: १०१.४ उणे १२ म्हणजे ८९.४. हम एफएमचे १०६.२ उणे १२ केले की ९४.२ येतात, आणि आमचा डेक ९० ला संपतो. म्हणून ती आडवी रेघ.

मग १८ ची डबी का लावू नये? लावली तर १०६.२ येते ८८.२ वर, छान. पण ९२.६ जाते ७४.६ वर, म्हणजे खालच्या हद्दीबाहेर. डेकची खिडकी जेमतेम १४ मेगाहर्ट्झ रुंद आणि बाहेरचा पट्टा २० च्या वर. कुठलीही डबी आणली तरी काहीतरी सुटणारच. म्हणून डबी घेण्याआधी घरात कोण काय ऐकते याची यादी करावी आणि वजाबाकी करून बघावी. दुकानदार हातात असेल ती डबी देतो. वजाबाकी आपल्यालाच करावी लागते.

एक्स्पांडरचे आणखी दोन दोष आहेत. ८७.५ ते ९० या तुकड्यात जोरदार स्थानिक केंद्र असेल तर ते डबीला न जुमानता थेट डेकमध्ये घुसते आणि सरकवलेल्या केंद्रावर कुरघोडी करते. दुसरा दोष अँटेनाचा. बऱ्याच जपानी गाड्यांत अँटेना मागच्या काचेत असते आणि तिला छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला डेककडून १२ व्होल्ट मिळावे लागतात. डबी मध्ये घालताना ही वीज तुटली की सगळी केंद्रे खरखरायला लागतात आणि बिचाऱ्या एक्स्पांडरला शिव्या बसतात.

मीडियम वेव्हची गोष्ट मात्र सुखाची. जपान, न्यूझीलंड आणि भारत या तिन्ही देशांत केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवलेली आहेत. ऑकलंडचे रेडिओ तराना १३८६ वर आहे. १३८६ ला ९ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे कुठल्याही जपानी गाडीत काही न बदलता पहिल्या दिवसापासून हिंदी गाणी ऐकू येतात. अमेरिकेहून आलेल्या गाडीत नेमके उलटे होते. तिथे मीडियम वेव्हची पायरी १० किलोहर्ट्झची आणि एफएमवर फक्त विषम दशांश: ९८.१, ९८.३, ९८.५. मुंबईत असा डेक ९८.३ पकडेल, पण १०४.० वर थांबणारच नाही. काही डेकमध्ये हा देश बदलायची सोय सेटिंगमध्ये दडलेली असते. डेक काढण्याआधी ती शोधावी.

किल्ली फिरवली की बोलणारी बाई

साताऱ्याहून आई आली होती, तेव्हाची गोष्ट. रोज सकाळी किल्ली फिरवली की डॅशखालून एक गोड बायकी आवाज जपानीत काहीतरी सांगायचा. चार दिवस ऐकून आईने विचारले, “अरे, ही बाई रोज काय सांगते? काही बिघडलंय का गाडीचं?” बिघडले काहीच नव्हते. जपानच्या द्रुतगती मार्गांवर टोल आपोआप कापला जातो, त्यासाठी गाडीत ईटीसीचा डबा असतो. त्यात कार्ड नाही, एवढेच ती सांगत होती. इथे त्या डब्याचा काही उपयोग नाही. चालकाच्या गुडघ्याजवळ किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये तो सापडतो. त्याचा कपलर काढला की आवाज थांबतो. वायर कापायची गरज नाही. त्या दिवसापासून आईला मात्र सकाळी चुकल्यासारखे व्हायचे.

भाषेची अडचण यापेक्षा खोल आहे. जपानी बाजारासाठी बनलेल्या बहुतेक संचांत इंग्रजी मेनू मुळातच नसतो, त्यामुळे सेटिंगमध्ये तो शोधून सापडत नाही. नॅव्हिगेशनच्या नकाशात जपानबाहेर काही नसते. काही संचांत घड्याळ उपग्रहावरून जपानी वेळ घेते आणि हाताने बदलता येत नाही. ऑकलंडमध्ये ते ऋतूप्रमाणे ३ किंवा ४ तास मागे राहते. निसान लीफसारख्या विजेच्या गाडीत तर चार्जिंगची वेळ लावण्याचे काम याच पडद्यावरून होते, आणि तो पडदा जपानी. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करत करत लोक ते शिकतात.

आता कुलपाचा प्रश्न. आमच्या विशची बॅटरी म्हातारी झाली, म्हणून जवळच्या एका गॅरेजमध्ये नवी टाकली. गाडी सुरू झाली, पण डेकच्या पडद्यावर जपानीत एक ओळ येऊन बसली: नकाशाचे एसडी कार्ड घाला. ते कार्ड जपानमध्येच कुणीतरी काढून घेतले होते. रेडिओ नाही, सीडी नाही, ब्लूटूथ नाही, रिव्हर्स कॅमेराही नाही. टोयोटाचे बरेच नॅव्हिगेशन संच चोरीपासून वाचावेत म्हणून असे बनवलेले आहेत: वीज तुटली की कार्ड किंवा डिस्क मागतात. काहींत पडद्यावर एक लांब क्रमांक येतो आणि त्यावरून काढलेला संकेतांक दिला तरच संच उघडतो. गॅरेजवाल्याला याची कल्पना नव्हती, आणि मलाही नव्हती.

म्हणून आयात गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: बॅटरीला हात लावण्याआधी डेक चालू करून बघा, नकाशाची डिस्क किंवा कार्ड जागेवर आहे का पाहा, मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. गाडी विकत घेतानाच ‘नकाशाचे कार्ड आहे का?’ हा प्रश्न टायरच्या आधी विचारावा.

टीव्ही, डीव्हीडी आणि परक्या मानकांचा गुंता

जपानी संचावर टीव्हीचे बटण दिसते आणि मुले हरखतात. ते बटण इथे कधीच काम करणार नाही. जपानचा डिजिटल टीव्ही आयएसडीबी-टी पद्धतीचा आणि न्यूझीलंडचा डीव्हीबी-टी पद्धतीचा आहे. अँटेना बदलून हे जमत नाही, ट्यूनरच वेगळा लागतो. त्यावर पैसे घालवू नयेत.

डीव्हीडीचे जग विभागांत वाटलेले आहे. जपान विभाग २, न्यूझीलंड ४, भारत ५. इथल्या दुकानातली डिस्क जपानी संच नाकारतो. हिंदी चित्रपटांच्या बऱ्याच डीव्हीडी सगळ्या विभागांत चालतील अशा निघत, त्यामुळे पुण्याहून आणलेली डिस्क चालली आणि ऑकलंडची चालली नाही, असे अनेक घरांत घडले. कॅमेऱ्याच्या चित्राचेही तसेच. जपानी कॅमेरा एनटीएससी पद्धतीचे चित्र देतो, भारत आणि न्यूझीलंडची जुनी पद्धत पाल. नवे संच दोन्ही ओळखतात. जपून राहायचे ते व्होल्टेजबाबत. टोयोटाचे अनेक मूळ कॅमेरे ६ व्होल्टवर चालतात. नव्या डेकच्या वायरमधून त्यांना थेट १२ व्होल्ट दिले की कॅमेरा गेलाच.

मग बदलायचे काय?

पर्याय पाच आहेत. त्यांचा क्रम मी खर्चाने लावलेला नाही. गाडीला किती हात लावावा लागतो, त्यावरून लावला आहे.

पहिला पर्याय: काही न काढता आवाज आत आणणे. डेकला ऑक्स किंवा व्हीटीआर नावाचा प्रवेश असेल तर त्यात ब्लूटूथ रिसीव्हर जोडायचा. जपानी संचांच्या मागे हा प्रवेश पुष्कळदा असतो, फक्त कपलर दडलेला असतो. सिगारेट लायटरच्या जागी लावायचा एफएम ट्रान्समीटरही चालतो, पण जपानी डेकवर त्याला ८७.५ ते ९० एवढीच जागा मिळते.

दुसरा पर्याय एक्स्पांडरचा. रोज चार केंद्रे ऐकणाऱ्या माणसाला तो पुरेसा आहे.

तिसरा: नामांकित कंपनीचा नवा डेक. पायोनियर, केनवूड, अल्पाइन, सोनी यांचे ट्यूनर चांगले असतात, देश निवडायची सोय असते, आवाज दहा वर्षे टिकतो. माझ्या मते बहुतेक घरांसाठी हाच पर्याय योग्य.

चौथा: नऊ-दहा इंची स्वस्त अँड्रॉइड संच. पडदा मोठा, नकाशे मोफत, दिसायला झकास. पण यातले अनेक संच रेडिओत कच्चे असतात, सुरू व्हायला वेळ घेतात आणि उन्हात तापले की अडखळतात. घ्यायचाच तर गाडीच्या नेमक्या मॉडेलची चौकट आणि हार्नेस, म्हणजे जोडणीच्या वायरींचा जुडगा, बरोबर देणारा घ्यावा.

पाचवा: मूळ पडदा तसाच ठेवून मागून जोड देणे. काही गाड्यांत याला पर्याय नाही. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये एसी आणि हायब्रिडची ऊर्जा दाखवण्याचे काम तोच पडदा करतो. तो काढला की एसीही हातातून जातो. २०१९ च्या कोरोलापासून टोयोटाने जपानमध्ये डिस्प्ले ऑडिओ आणला. तिथे डेकची चौकोनी खाचच राहिली नाही. युरोपीय गाड्यांचे तर निराळेच. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेपासून अनेक महागड्या गाड्यांत डेक, अ‍ॅम्प, सीडी चेंजर हे सगळे प्रकाशतंतूच्या एका कड्यात गुंफलेले असतात. कड्यातले एक यंत्र काढले की सगळी साखळी मुकी होते. अशा गाडीत मूळ डेकच्या स्पीकरच्या वायरवरून आवाज घ्यावा, डीएसपी प्रोसेसरने तो सपाट करावा आणि पुढे नव्या अ‍ॅम्पला द्यावा.

डॅशबोर्ड उघडल्यावर

आमच्या विशमध्ये आम्ही तिसरा पर्याय निवडला. एका शनिवारी शेजारच्या मित्राला हाताशी घेतले आणि ड्राइव्हवेमध्ये चादर अंथरून बसलो.

पहिले काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दीड-दोन मिनिटे थांबणे. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज साठलेली असते, ती उतरू द्यायची. पिवळ्या रंगाचे कपलर एअरबॅगचे. त्यांना हात नाही. हायब्रिड गाडीत नारिंगी जाड वायर दिसली तर ती उच्च दाबाची. तिच्या वाटेलाही जायचे नाही. इथे एक खरा पेच आहे. सुरक्षेसाठी बॅटरी काढावी लागते, आणि बॅटरी काढली की जुना संच कुलूप लावून बसतो. संच बदलणारच असाल तर प्रश्न नाही. ठेवणार असाल तर कार्ड किंवा संकेतांक आधी हातात हवा.

मग मापे. डेकच्या खाचेचे जागतिक माप १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. दुप्पट उंचीचा म्हणजे डबल डिन, १०० मिलिमीटर. टोयोटाने जपानी गाड्यांत २०० मिलिमीटर रुंद खाच ठेवली. त्यात १८० चा डेक बसवला की दोन्ही बाजूंना १० मिलिमीटरच्या फटी राहतात. त्यासाठी काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात. त्या नसल्या तर लोक फोमचे तुकडे कोंबतात आणि वर्षभरात डेक खुळखुळायला लागतो.

आता खरी कसोटी. टोयोटाच्या डेकमागे १० पिनांचा आणि ६ पिनांचा असे दोन कपलर असतात. बाजारात त्यांना जुळणारा तयार हार्नेस मिळतो: एका टोकाला टोयोटाचे कपलर, दुसऱ्या टोकाला सुट्या वायर. त्या सुट्या वायर नव्या डेकच्या हार्नेसला टेबलावर, उजेडात, निवांत बसून जोडायच्या. रंग जवळपास सगळीकडे तेच. पिवळी म्हणजे कायमची वीज, लाल म्हणजे किल्लीनंतरची, काळी अर्थिंगची. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली त्यांची निगेटिव्ह. निळी अँटेनाची, निळी-पांढरी अ‍ॅम्पला जागे करायची. मागच्या काचेतल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज हवी, ती याच निळीवरून.

हार्नेस न घेता गाडीचे मूळ कपलर कापून वायरला वायर पिळणारे फिटर सगळ्या देशांत भेटतात. दहा मिनिटांत काम होते. त्यानंतर टेपचा गोंद उन्हाने वितळतो, जॉइंट सुटतात, पुढच्या माणसाला कुठली वायर कुठली ते कळत नाही. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली की डेक रोज सेटिंग विसरतो किंवा रात्रभर वीज खाऊन बॅटरी उतरवतो. काही युरोपीय गाड्यांच्या मूळ कपलरमध्येच या दोघींच्या जागा उलट असतात, म्हणून मीटर लावून तपासल्याशिवाय जोडू नये. एका हार्नेसच्या किमतीसाठी गाडीचे कपलर कापणे मला तरी पाप वाटते.

स्टिअरिंगवरच्या बटणांची वायर २० पिनांच्या वेगळ्या कपलरमध्ये सापडली. प्रत्येक बटण दाबले की वेगवेगळा रोध तयार होतो आणि डेक तो शिकून घेतो. आवाज वाढवण्याचे बटण दाबले, पडद्यावर टिकली आली, आणि शेजारच्या मित्राने टाळी दिली.

आवाज दारात असतो

डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते. गाडीच्या १४ व्होल्टच्या आसपासच्या विजेवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात प्रत्यक्षात मिळतात सुमारे २० वॅट. ते वाईट नाही. घरातल्या माणसांना पुरून उरते. पण म्हणूनच मोठ्या आकड्याला भुलून महाग स्पीकर घेण्याआधी दार उघडून बघावे.

जपानी छोट्या गाडीचे दार म्हणजे पातळ पत्र्याचा पोकळ डबा. स्पीकरचा शंकू पुढे जातो तेव्हा मागे उलटी हवा ढकलतो. ती दाराच्या भोकांतून पुढे आली की खर्ज नाहीसा होतो. पत्र्यावर ब्युटिलचे जाड चिकट पत्रे दाबून बसवले, मोठी भोके बंद केली, खालची पाणी जायची भोके मोकळी ठेवली, तर मूळचा कागदी स्पीकरही वेगळा वाजू लागतो. आम्ही एका दारावर हे केले आणि दुसरे तसेच ठेवून तबल्याची एक बंदिश लावली. तयार केलेल्या दारातून बाँयाची घुमार आली. कोऱ्या दारातून नुसते थप थप.

दुसरी गोष्ट ध्रुवाची. एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायर उलट लागल्या, तर डावा शंकू पुढे जाताना उजवा मागे जातो आणि दोघे एकमेकांचा खर्ज खातात. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्यावा आणि त्याच्या दोन टोकांना स्पीकरच्या वायर क्षणभर टेकवाव्यात. प्लसला प्लस लागले असेल तर शंकू बाहेर उडी मारतो. एवढ्या साध्या परीक्षेने कित्येक ‘खराब’ स्पीकर खराब नव्हते हे सिद्ध होते.

बोससारख्या मूळ संचांचे स्पीकर काही गाड्यांत २ ओहमचे किंवा त्याहून कमी रोधाचे असतात. नेहमीचा डेक त्यांना थेट जोडला तर दुप्पट प्रवाह खेचून तापतो. मूळ अ‍ॅम्प ठेवावा किंवा स्पीकर बदलावेत. मधला मार्ग नाही.

मोठा अ‍ॅम्प बसवायचा असेल तर गणित करून बघा. ५०० वॅट खरोखर देणारा जुन्या धाटणीचा अ‍ॅम्प पूर्ण आवाजात ६० अँपिअरच्या आसपास खेचतो. त्याला जाड तार हवी आणि बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवा. फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो असे लोक समजतात. तो वाचवतो त्या तारेला आणि तारेमुळे गाडीला. तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली आणि फ्यूज अ‍ॅम्पजवळ असला, तर आग लागायला मोकळे रान मिळते. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून चकाकता लोखंडी भाग काढावा आणि तिथे बोल्ट आवळावा. इंजिनबरोबर चढत जाणारी शिटी स्पीकरमधून आली, तर दहातल्या नऊ वेळा दोष अर्थिंगचा निघतो.

पडदा आणि नजर

चित्राबद्दल माझे मत कठोर आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर कापते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले की २८ मीटर गाडी आंधळी धावते. नव्या डेकमधली हँडब्रेकची वायर याचसाठी असते. ब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दिसते. ती वायर थेट अर्थला लावून ‘चालत्या गाडीत पिक्चर’ देणारे फिटर सगळीकडे आहेत. न्यूझीलंडच्या नियमांत चालकाला दिसेल असा चित्रपट चालत्या गाडीत बसत नाही. १ नोव्हेंबर २००९ पासून हातात मोबाइल धरून गाडी चालवायलाही बंदी आहे. नियम नसता तरी मी ती वायर जिथली तिथेच लावली असती. मागच्या सीटवरच्या मुलांना पडदा द्यावा, डोकेटेकूच्या मागे पक्का बसवून, जेणेकरून अपघातात तो उडणार नाही. चालकाला नकाशा आणि रिव्हर्स कॅमेरा एवढेच पुरे.

कॅमेरा मात्र जरूर घ्यावा. या सगळ्या खरेदीत जीव वाचवू शकणारी वस्तू तीच.

भारतातल्या आयात गाड्या

वापरलेली गाडी परदेशातून भारतात आणणे सोपे नाही. तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवे आणि गाडी उतरवायची मुंबई बंदरातच, अशा अटी वर्षानुवर्षे आहेत. त्यात भरभक्कम जकात. त्यामुळे मुंबई-पुण्यात दिसणाऱ्या आयात गाड्या बहुतेक नव्याकोऱ्या, महागड्या, युरोपीय. तिथे डेक बदलण्याचा प्रश्न कमी आणि मूळ यंत्रणेला धक्का न लावता आवाज सुधारण्याचा प्रश्न जास्त. वायर कापली की वॉरंटीचा वाद सुरू होतो, म्हणून तिथेही कसोटी तीच: जोडलेले उद्या काढता आले पाहिजे.

तरीही ‘इम्पोर्टेड’ हा शब्द आपल्याकडे गाडीच्या आधी डेकला लागला. आखातातून परतणारा माणूस बॅगेत पायोनियर किंवा सोनीचा डेक आणायचा, आणि लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या सॉकेट-वायरींनी तो प्रीमियर पद्मिनीत बसायचा. तेव्हा गाडी देशी आणि आवाज परदेशी होता. आज आमच्यासारख्यांच्या घरी गाडी परदेशी आहे आणि आवाज आपला हवा आहे.

पुढच्या मालकासाठी

विशमध्ये नवा डेक लागला, त्यावर देश निवडला, आणि १०६.२ हा आकडा कसलीही वजाबाकी न करता पडद्यावर उमटला. गाणे लागले. आई तेव्हा साताऱ्याला परतली होती. तिला फोनवरून ऐकवले.

जुना डेक, एक्स्पांडर आणि ईटीसीचा डबा फेकले नाहीत. एका कापडी पिशवीत घालून डिकीच्या चटईखाली ठेवले आहेत. गाडीतला एकही मूळ कपलर कापलेला नाही. आधीच्या मालकाचा पेन्सिलीचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये तसाच आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वायरींचे रंग, फ्यूजची जागा, अर्थिंगचा बोल्ट आणि कॅमेऱ्याचे ६ व्होल्ट लिहून ठेवले आहेत. ही गाडी उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहील आणि त्याला वेगळे काही ऐकायचे असेल. त्याने डॅश उघडला की सगळे त्याला हाताशी सापडावे.